मंगळवारच्या हॉलमधला लागरफोन

मी एक जुना लागरफोन आहे. मित्रांनो, नावात फोन आहे म्हणून मला कानाला लावायला जाऊ नका, माझ्यातून कोणी बोलत नाही. मी म्हणजे झाडूचा एक जाड दांडा, त्यावर आडवी ठोकलेली फळी आणि ढिल्या खिळ्यांवर बसवलेली बिअरच्या बाटल्यांची पत्र्याची बुचं. तळाला रबराचं टोपण. मला उचलून जमिनीवर आपटलं की सगळी बुचं एकदम छनछनतात. एवढंच माझं वाजणं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर, ह्यूऑन नदीच्या काठच्या गावांत, मला ओळखत नाही असा म्हातारा सापडायचा नाही आणि ओळखतो असं पोर सापडणं कठीण.

मला क्लेम पॅडनने बनवलं, सफरचंदांच्या पेट्या भरायच्या शेडमध्ये. दांडा त्याने बायकोला न विचारता आणला. बुचं जमवायला त्याला फारसा त्रास पडला नाही, कारण त्या कामात त्याचे मित्र मनापासून मदतीला आले. पुढे कित्येक वर्षं मेंढ्यांची लोकर कापायच्या शेडमधल्या नाचांत मी वाजलो. व्हायोलिनवाला चुकायचा, अकॉर्डियनवाला झोपायचा, पण माझा ठेका कधी ढळला नाही. लोक क्लेमच्या पाठीवर थाप मारायचे आणि मी ती माझ्याच पाठीवर पडली असं समजायचो.

मग क्लेमचे गुडघे गेले, नाच थांबले आणि मी गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशिनमागे उभा राहिलो. कोळ्यांनी माझ्यावर संसार थाटले. क्लेम गेला तेव्हाही मला कोणी हलवलं नाही. मला फार वाईट वाटलं, पण ते सांगायला मला आपटणारं कोणीतरी हवं होतं.

क्लेमची मुलगी व्हर्ना. ग्लेन्डारा गावच्या हॉलमध्ये ती दर मंगळवारी सकाळी मुलांना जमवून गाणी-वाजवणी करते. ही मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. कोणाचं घर लांब डोंगरात आहे, कोणाच्या आईबापांना घरीच शिकवायचं आहे, आणि काहींना शाळेनेच गोड शब्दांत बाहेरचा रस्ता दाखवला होता. व्हर्नाचा नियम एकच. गोलात जो बसला तो वाजवणार, ज्याला जसं येतं तसं. कोणालाही 'तू नुसतं ऐक' म्हणायचं नाही.

आणि तिथे टाळ्या वाजवत नाहीत. त्याला कारण होता कोरिन. हा आठ वर्षांचा मुलगा अचानक झालेल्या मोठ्या आवाजाने कळवळायचा. शाळेतली घंटा झाली की भिंतीवर डोकं आपटून घ्यायचा, म्हणून त्याच्या आईने, जोसलिनने, त्याला घरी ठेवलं होतं. इथे मात्र तो कानांवर आवाज अडवणारे लाल कानबंद घालून व्हर्नाच्या शेजारी बसायचा आणि लाकडी ठोकळ्यावर असा अचूक ठेका धरायचा की मलाही हेवा वाटावा. तो बोलत नव्हता. दुसऱ्या मुलांबरोबर तो असायचा तो फक्त या हॉलमध्ये. त्याच्यासाठी सगळ्यांनी टाळ्यांऐवजी दोन्ही हात वर करून हलवायची सवय लावून घेतली होती. एखाद्याने छान वाजवलं की गोलभर हात हलायचे. नवी मुलंही पहिल्याच मंगळवारी ते शिकायची.

दुसरी मार्नी. दहा वर्षांची, पायांना आधाराच्या पट्ट्या, बोटांत बारीक वस्तू धरता येत नाही, शब्द एकेक करून उशिरा येतात. खुळखुळे तिच्या हातून पडत. झांज पडे. घुंगरांचा पट्टा मनगटाला बांधून दिला, तर म्हणाली, "मी... मांजर... नाही." व्हर्ना हसली, पण त्या रात्री तिने गॅरेजमधलं मशीन बाजूला ओढून मला बाहेर काढलं.

मला पाहून मार्नीचा बाप डेझ म्हणाला, "व्हर्ना, यातली निम्मी बुचं तुझ्या बापाने माझ्या बापाच्या मदतीने उघडलीत. जरा मानाने वागव त्याला."

मार्नीने मला दोन्ही हातांनी कवटाळलं. मला धरायला मुठीची गरजच नव्हती, मिठी पुरेशी होती. व्हर्नाने घाई केली नाही. आधी कोरिनला माझी बुचं दाखवली, मग मार्नीकडून मला हळूच एकदा टेकवून घेतलं. कोरिनने कपाळाला आठी घातली आणि ठोकळा वाजवत राहिला. पुढच्या मंगळवारी पुन्हा तसंच, थोडं मोठ्याने. तिसऱ्या वेळी व्हर्ना गिटार घेऊन बसली आणि गाणं सुरू झालं.

मित्रांनो, त्या दिवशी मी खुशीत होतो. मार्नी मला उचलायची, सोडायची, उचलायची, सोडायची. गाण्याचा वेग वाढला तसा तिचा जोरही वाढला. इतक्यात कोरिनने ठोकळा खाली ठेवला, दोन्ही हात वर केले आणि हलवू लागला.

"बघ मार्नी, कोरिनला आवडलं!" कोणीतरी म्हणालं.

मग सगळ्यांचे हात वर गेले. मार्नीसाठी इतके हात कधीच हलले नव्हते. तिचा चेहरा फुलला आणि तिने मला अंगातलं सगळं बळ लावून आपटलं, एकदा, दोनदा, पुन्हा. कोरिनचे हात आणखी जोरात हलले. ती आणखी जोरात आपटू लागली.

त्याचे हात शाबासकी देत नव्हते. सोसेना झालं की त्याचे हात असेच हलायचे. जोसलिनला ते ठाऊक होतं, पण ती मागच्या स्वयंपाकघरात चहाचं पाणी ठेवत होती. व्हर्नाने गिटारवरून मान वर केली, त्याचा चेहरा पाहिला आणि तळवा खाली दाबून थांबायची खूण केली. मार्नीचे डोळे त्या हलणाऱ्या हातांवर होते. पुढचा ठोका पडला आणि कोरिन उठून दाराबाहेर पळाला.

हॉलच्या समोरच रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर दिवसभर लाकडाचे ओंडके भरलेले ट्रक धावतात. रस्त्यापलीकडे नदी. मोठी माणसं सगळी बाहेर धावली. मागे राहिलेल्या एका आईने बाकीच्या मुलांना स्वयंपाकघरात नेलं. मार्नी उठायला गेली आणि माझ्यासकट जमिनीवर आली. त्या गडबडीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

बाहेर जोसलिनची हाक रस्त्याकडे गेली, मग नदीकडे. एका ट्रकचे ब्रेक करकचले आणि सगळं शांत झालं. मी आणि मार्नी तसेच पडून होतो. मग बाहेरून कोणीतरी म्हणालं, "नाही, नाही, तो नाहीये इथे," आणि मार्नीने रोखलेला श्वास सोडला.

"मी... केलं," ती म्हणाली. मलाच म्हणाली असावी, दुसरं कोण होतं?

तेवढ्यात माझ्या रबराला जमिनीच्या फळीतून कंप जाणवला. आमचा हॉल लाकडी खुंटांवर उभा आहे, खाली माणूस सरपटेल एवढी पोकळी. तिथून गुणगुण येत होती. एकच सूर, न थांबता. घाबरला की कोरिन असाच गुणगुणतो. तो आमच्या अगदी खाली होता, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. मित्रांनो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली असेल विचार करा. माझ्याजवळ एकच आवाज आहे, आणि त्याच आवाजाला भिऊन ते पोर तिथे जाऊन दडलं होतं.

मार्नीचा कान फळीला लागलेला होता. तिनेही ऐकलं. तिचे डोळे मोठे झाले. तिने हाक मारायला तोंड उघडलं, पण घाईत तिचे शब्द जास्तच अडकतात. बाहेरच्या हाका लांब लांब जात होत्या. मग तिचा हात माझ्या दांड्याकडे आला.

तिने मला एकदा आपटलं असतं तर सगळे धावत आले असते. आणि तो ठोका थेट कोरिनच्या डोक्यावर पडला असता. खालून बाहेर पडायला एकच मोकळी बाजू होती, रस्त्याची.

तिचा हात माझ्यावर थांबला. मग तिने अंगातला लोकरी कोट ओढून काढला आणि एकही बूच वाजू न देता माझ्यावर पांघरला. त्यानंतर ती कोपरांवर सरपटत दाराकडे निघाली. पट्ट्या बांधलेले पाय मागून ओढत होते. मला तिच्यामागे जाता येत नव्हतं, मी फक्त ऐकत होतो. थांबत होती, धापा टाकत होती, पुन्हा सरकत होती. उंबऱ्याशी तिला डेझने पाहिलं.

"अगं राणी, पडलीस? लागलं का?"

"खा...ली."

"हो, खाली पडलीस, दिसतंय. चल, उचलतो."

"नाही. फ...ळी. खाली. को...रिन." आणि डेझ मागे वळून हाक मारणार इतक्यात, "बाबा... ओ...रडू नको."

डेझ गावातला सगळ्यात मोठ्या गळ्याचा माणूस. त्याने तोंड मिटलं आणि हात हलवून जोसलिनला बोलावलं. जोसलिन पोटावर सरपटत हॉलखाली गेली. तिने मुलाला ओढलं नाही, नुसती त्याच्याशेजारी पडून राहिली. चहाचं पाणी उकळून उकळून आटलं तेव्हा कुठे दोघं कोळिष्टकं लेवून बाहेर आली.

त्यानंतर भांडण झालंच.

"म्हणे सगळ्यांना सामावून घेणारा वर्ग," जोसलिन म्हणाली. "माझं पोर ट्रकखाली जाता जाता राहिलं, व्हर्ना. ती काठी राहील नाहीतर कोरिन."

"आणि माझ्या पोरीने काय करायचं?" डेझ म्हणाला. "मांडीवर हात ठेवून दुसऱ्यांचं कौतुक करायचं? ते तिला शाळेत फुकट मिळत होतं."

"दोघांचंही बरोबर आहे," व्हर्ना म्हणाली. "तीच तर माझी पंचाईत आहे."

मला खुर्च्यांच्या खोलीत ठेवलं गेलं. दाराच्या फटीतून मला मंगळवार ऐकू यायचे. ठोकळा वाजत नव्हता, कोरिन येत नव्हता. मार्नीला ढोल बडवायची मऊ गोळ्याची काठी दिली होती, ती पडल्याचा आवाज यायचा. मग तिने ती उचलणंच सोडलं आणि तो आवाजही येईनासा झाला.

एका मंगळवारी जोसलिन एकटीच आत आली. "मंगळवार आला की तो बूट घालून गाडीत जाऊन बसतो," ती म्हणाली. "दुपारपर्यंत उतरत नाही. मी त्याला काय सांगू?"

व्हर्नाने सगळ्या मुलांना गोलात बसवलं आणि विचारलं, काय करायचं. बरंच बोलणं झालं. शेवटी ठरलं ते असं. यापुढे शाबासकीचे हात हलणार नाहीत, कौतुक वाटलं तर छातीवर तळवा ठेवायचा. कोणाचेही हात हलले तर सगळ्यांनी तिथल्या तिथे थांबायचं. आणि मार्नी म्हणाली, "तो... सांगेल. मग... मी."

कोरिन आला. कानबंद होतेच. मला गोलात आणल्याबरोबर त्याने आईचा हात धरला. गाणं सुरू झालं. मार्नीने मला उचललं आणि त्याच्याकडे पाहत राहिली. गाणं संपलं, त्याने काहीच खूण केली नाही, आणि तिने मला अलगद आडवं ठेवलं. पुढच्या मंगळवारी तेच. त्याच्या पुढच्यालाही. डेझ दाराशी उभा राहून दात-ओठ खायचा. मलाही राग यायचा, खोटं कशाला सांगू? इतक्या नाचांचा धनी मी आणि मला एक मुलगी न वाजवता धरून बसते.

मग एका मंगळवारी गाण्याच्या मधेच कोरिन उठला. व्हर्नाची बोटं तारांवर थांबली. जोसलिन अर्धी उठली आणि तशीच राहिली. तो माझ्यापाशी आला, खाली बसला आणि दोन्ही हातांनी माझी बुचं घट्ट दाबून धरली. जितकी हातात मावली तितकी. बाकीची त्याने गालाने दाबली. मग त्याने मार्नीकडे पाहून मान हलवली.

मार्नीने मला हळूच उचललं आणि सोडलं. ठक. नुसतं लाकूड वाजलं. फळीतून ते सगळ्यांच्या पायांना कळलं असणार. त्याने पुन्हा मान हलवली. ठक. तिसऱ्या ठोक्याला त्याने एक बोट उचललं, आणि माझं एकच बूच वाजलं.

कोरिनने मान तिरपी करून ऐकलं. मग दुसरं बोट उचललं.

एकाही मुलाचा हात हलला नाही. छातीवर ठेवायचे तळवेही ती विसरली होती. सगळी नुसती बघत होती, त्या दोघांच्या चेहऱ्यांकडे. लोकरीच्या शेडमध्ये मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या आहेत, पण इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी सांगायला हवं. जपलंत तर आनंदच आहे, कोळी मला आवडत नाहीत. पण माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्याजवळ कोणाचे हात हलताना दिसले तर ते हात काय म्हणतात हे तुम्ही ठरवून टाकू नका. हातातली वस्तू खाली ठेवा आणि आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघा.