लहानसा सी आणि रिकामा डी

मित्रांनो, काकांच्या थोरल्या बहिणीने एकदा त्यांना पत्र पाठवले होते. 'आईबद्दल तुला जे आठवते ते लिहून पाठव. माझी नजर अधू होत चालली आहे. मोठी अक्षरे अजून दिसतात,' एवढेच त्यात होते. त्याचे उत्तर बरेच दिवस गेलेच नाही. ते माझ्याच पोटात पडून होते, कारण मी काकांच्या संगणकातली एक जुनी हार्ड डिस्क आहे.

धुळीचा कणही नसलेल्या खोलीत, तोंड बांधलेल्या माणसांनी मला घडवले. माझ्या चकत्या आरशासारख्या चमकत होत्या. काका म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. त्यांची पुतणी संगणक दुरुस्त करते. तिनेच मला इथे बसवले आणि वापरण्याआधी माझे दोन भाग करायला घेतले: सीमध्ये संगणक चालवणारी व्यवस्था आणि डीमध्ये काकांचे लेखन.

"सीला किती जागा ठेवू, काका?"

"थोडीशीच. यंत्राला काय लागतं? डी मोठा कर. पुढंमागं पुस्तक लिहायचंय मला."

"अहो, सीलाही हातपाय पसरायला जागा लागते. नंतर वाढवायचं म्हणजे डोक्याला ताप."

काका ऐकेनात. सी चिंचोळा राहिला आणि डी मैदानासारखा.

सुरुवातीला काका माझे कौतुक करीत. "किती मुकाट्याने काम करते!" म्हणत. रोज सकाळी ते बहिणीला उत्तर लिहीत. वाचून पाहिले की मन खट्टू होई, मग नवी प्रत करून पुन्हा लिहीत. प्रत्येक प्रत डोळ्यांसमोर हवी म्हणून पडद्यावरच, डेस्कटॉपवर ठेवत. तो डेस्कटॉप सीमध्येच असतो, हे त्यांच्या गावीही नव्हते. जुने फोटो आणि आईच्या आवाजाच्या ध्वनिफिती तिथेच साठत गेल्या. मी धापा टाकू लागले. काका मला "रडतराऊत" म्हणू लागले. शेवटी एके दिवशी, जागा शिल्लक नाही, असे पडद्यावर उमटले आणि काकांचे वाक्य अर्धेच राहिले.

पुतणी आली. "सगळं पुसून नव्याने विभागते. तुमचं लेखन डीमध्ये आहे ना? तेवढं आधी काढून घेते."

"हो, हो. सगळं डीमध्येच."

मित्रांनो, मला ओरडता आले असते तर! आईविषयीचा शब्द न् शब्द सीमध्ये होता.

तिने डी उघडला. "काका, इथं तर चिटपाखरूही नाही!"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "मग ताईचं उत्तर?"

ती डेस्कटॉपकडे वळली. 'ताईस उत्तर', 'ताईस उत्तर शेवटचे', 'ताईस उत्तर खरेच शेवटचे'.

"कितीदा शेवटचं, काका?"

"जमत नव्हतं गं. आईला शोभेल असं काही उतरेना."

"आत्या काय मार्क द्यायला बसलीय? तिला वाचता येतंय तोवर पाठवा की!"

तिने सारे पेन ड्राइव्हवर उतरवले आणि पुन्हा विचारले, "आता सीला किती?"

"त्याला लागेल तेवढी दे. वर थोडी मोकळीही ठेव," काका हळूच म्हणाले. "मी पुस्तकासाठी जागा राखत बसलो आणि रोजच्या लिहिण्याचा गळा आवळला."

मित्रांनो, जागा वाटताना रोज राबणाऱ्याला कोपऱ्यात कोंबू नका. तो तक्रार करत नाही, एके दिवशी थांबतो.

माझ्यावर नवी व्यवस्था बसली, काकांचे लेखन परत आले. त्यांनी सर्वांत पहिली, खाडाखोड न केलेली प्रत उघडली. एक शब्दही न बदलता फक्त अक्षरे मोठी केली. छपाईयंत्र घरघरले. पाकीट चिकटवून काका चपला घालून टपालपेटीकडे गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले.