न थांबणारा स्टार्टर

लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. एका कारखान्यात बोअरच्या मोटारीचे स्टार्टर बनायचे. बोअरमध्ये पाणी साचलं असेल तरच मोटार सुरू करणारे. हदगावची सिंधू त्यातला प्रोग्राम लिहायची आणि मालकांचा जावई बसवंत सर्किट करायचा. करायचा कसलं, बिघडवायचा.

त्याच्या सर्किटात चिप आधी जागी व्हायची, पाण्याचा सेन्सर मागाहून. पेंगणाऱ्या सेन्सरला चिपनं काही विचारलं की तो अडकायचा आणि लाइट जाईपर्यंत ‘पाणी आहे’ एवढंच सांगत बसायचा. कारखान्यात हे कळायचं नाही. खेड्यात लाइट आली की ऑटोवर ठेवलेल्या सगळ्या मोटारी एकदम उठतात, व्होल्टेज रांगत चढतं, तिथं कळायचं. सिंधूनं प्रोग्राममध्येच सोय केली: सेन्सर नीट उठेपर्यंत चिपनं थांबायचं. बसवंतची लाज झाकली गेली. त्यानं काय करावं? पोरीचा प्रोग्रामच सुस्त, म्हणून स्टार्टर उशिरा उठतो, असं गिऱ्हाइकांना सांगितलं. मालकांनी तिला पुढच्या महिन्यापासून येऊ नको म्हटलं. तिच्या अंगाची लाही लाही झाली.

तेवढ्यात बसवंतच्याच गावच्या बोअरवर, उदगीरजवळ, स्टार्टर बसवायचं निघालं. ते थांबणं काढून टाक, तो म्हणाला. सेन्सर अडकेल, मोटार कोरडी चालून जळेल, असं तिनं एकदा सांगितलं. तो हसला. तिनं काढलं. दुसऱ्यांदा सांगून तिची जीभ झिजली नसती, पण सांगितलं नाही.

स्टार्टर बसवायला बसवंत सिंधूलाही गावी घेऊन गेला. बोअरपाशी घागरींची रांग लागली होती. उदगीर जिल्हा कधी होणार यावर पुरुषांचं चाललं होतं. लाइट आली, स्टार्टर झटक्यात उठला, पण नळीतून नुसती हवा. बसवंतनं हिरवा दिवा दाखवला. पाणी आहे, येईलच, म्हणाला आणि मोटार चालू ठेवली. ती जळाल्यावरच थांबली.

त्याचे वडील सिद्रामप्पा सरपंच. त्यांनी जाब विचारला, तसं त्यानं सिंधूकडं बोट केलं.

“सरांनाच थांबायचं न्हवतं,” सिंधू म्हणाली. “मोटार जळंल म्हणून सांगितलं होतं मी. इचारा त्यांना.”

बसवंतची मान खाली गेली. सिंधूच्या काळजात गारवा पडला. बायका रिकाम्या घागरी घेऊन लांबच्या विहिरीकडं निघाल्या.

गडबडीत पाहुणीला पाणी द्यायचं राहिलं होतं. बसवंतची आई कमलम्मा तांब्या घेऊन आली.

“घे पोरी. उन्हाची आलीस. घरात एवढंच हाय.”

नाही म्हणायची सोय नव्हती. गावादेखत सिंधूनं तांब्या तोंडाला लावला, आणि घोट काही केल्या खाली उतरेना.