मिसिसिपी आहे म्हणून बरं

लेडोरा सकाळपासून गाडीची किल्ली शोधत होती आणि किल्ली तिच्याच मुठीत होती.

"पायाला भिंगरी लावून आलीयेस का, पोरी?" ओथा म्हणाले. तिचे वडील केव्हाचे टोपी चढवून दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. "डॉक्टर काही पळून जात नाही."

"डॉक्टर नाही पळत, डॅडी. दुपार पळतेय."

दुपारी बाराच्या आत तिला डॉटीला कळवायचं होतं. डॉटी म्हणजे तिकडे मिसिसिपीत, त्यांच्या गावात घरांची खरेदी-विक्री करून देणारी बाई. मेम्फिसचं एक निवृत्त जोडपं ओथांच्या घरावर लट्टू झालं होतं. मागचं तळं, अक्रोडासारख्या पिकानची झाडं, पुढच्या पडवीतला झोपाळा, सगळंच त्यांच्या मनात भरलं होतं. बारापर्यंत हो म्हणा, नाहीतर आम्ही नदीकाठचं दुसरं घर घेतो, असा निरोप होता. ओथांनी कधीच सांगून टाकलं होतं, "घर मी तुझ्या नावावर केलंय ना? मग तुला बरं वाटेल ते कर." एवढं बोलून माणूस मोकळा झाला होता आणि लेडोराच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

हे सगळं सुरू झालं ते गेल्या उन्हाळ्यात. ओथांच्या छातीत कळ आली. तालुक्यातलं छोटं इस्पितळ बंद पडून वर्षं झाली होती आणि अँब्युलन्स यायला आणखी वेळ लागेल म्हणाले, म्हणून लेडोरानं त्यांना स्वतःच गाडीत घातलं. कापसाची शेतं संपता संपेनात. ती स्वतः इस्पितळातली, धाप लागलेल्या माणसांना श्वासाची मशीन लावायचं काम करणारी. शेजारच्या सीटवरच्या माणसाचा श्वास तिला रस्ताभर मोजता येत होता, आणि तोच सगळ्यात मोठा छळ होता. आई अशाच रस्त्यात गेली होती.

डॅडी वाचले. पण लेडोराची झोप गेली. आणि धाकटी बहीण व्हर्लीन तर टपूनच बसली होती.

व्हर्लीन शिक्षिका. वीस-बावीस वर्षांपासून मॅसॅच्युसेट्समध्ये. तिला राज्याराज्यांची तुलना करायचा नाद होता. दुसऱ्या बायका जावांची करतात तशी. "पगार घे, शाळा घे, दवाखाने घे," ती फोनवर म्हणायची, "कशातही बघ, आम्ही वर, तुम्ही तळाला. इथली माणसं तुमच्यापेक्षा सात-आठ वर्षं जास्त जगतात, लेडोरा! डॅडींची सात-आठ वर्षं तू त्या झोपाळ्यावर घालवणार आहेस का?"

अलाबामातला चुलतभाऊसुद्धा दरवर्षी जेवणाच्या टेबलावर हेच म्हणायचा. अलाबामाचा नंबर शेवटून दुसरा लागला की तो हात जोडून वर बघायचा, "मिसिसिपी आहे म्हणून बरं, देवा!" आणि मग सगळ्यात मोठा माशाचा तुकडा स्वतःच्या पानात ओढायचा.

तर अशा रीतीनं लेडोरा वडिलांना घेऊन बॉस्टनच्या बाहेरच्या या गावात आली. इस्पितळानं पगार जवळजवळ दुप्पट दिला. घरमालकानं भाडं तिप्पट घेतलं. कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वर दोन खोल्या मिळाल्या. दिवसभर खालून वाफ यायची, त्यामुळे लेडोरा म्हणायची की आपण निदान चुरगळत तरी नाही. तिकडच्या घरी पेटीएवढा फ्रीजर होता, भेंडी, वाल, मासे यांनी गच्च भरलेला. इथल्या फ्रीजरमध्ये बर्फाचा एक ट्रे मावायचा, तोही तिरका. व्हर्लीनच्या घराला पडवी नव्हती. पडवीएवढं घर होतं, आणि त्याचे हप्ते ती म्हातारी होईपर्यंत चालणार होते.

पण हृदयाचे डॉक्टर कोपऱ्याकोपऱ्यावर. वाचनालय राजवाड्यासारखं. म्हाताऱ्यांच्या तोंडात सगळे दात.

"दात आहेत खरे," ओथा म्हणायचे, "पण दाखवत नाहीत कुणाला."

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली होती. सकाळच्या धुक्यात समोरून काळ्याभोर मोठ्या गाड्यांची रांग आली. सगळ्यांचे दिवे लागलेले, मुंगीच्या पावलानं चाललेली. लेडोरानं विचारसुद्धा केला नाही. लहानपणापासूनची सवय: दिवे लावून चाललेली अंत्ययात्रा दिसली की गाडी कडेला घ्यायची, मेलेला कुणी का असेना. तिनं गाडी कडेला घेतली. ओथा खाली उतरले, टोपी छातीशी धरून मान खाली घालून उभे राहिले. "मोठा माणूस दिसतोय," ते पुटपुटले. गाड्या संपेनात. मागची माणसं हॉर्न वाजवू लागली. शेवटी पिवळं जाकीट घातलेली एक बाई रस्ता ओलांडून आली.

"साहेब, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

"आम्ही ठीक आहोत, बाईसाहेब. कोण गेलं?"

"कोण गेलं म्हणजे? ही शाळेत पोरं सोडणाऱ्यांची रांग आहे."

एका गाडीत एक पोर. ओथांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि उरलेल्या गाड्या बघत राहिले. "आपल्याकडं एवढ्या काळ्या गाड्या गव्हर्नर मेला तरी जमायच्या नाहीत," ते म्हणाले. व्हर्लीन हे ऐकून हसून हसून खोकायला लागली. त्यानंतर लेडोरा रस्त्यात थांबली नाही.

आज डॉक्टरांनी ओथांना तपासलं, पडद्यावर हृदय दाखवलं, आणि म्हणाले, "उत्तम चाललंय. फक्त दर तीन महिन्यांनी मला भेटत राहा."

"म्हणजे तुम्हाला माझी आठवण येते म्हणायची," ओथा म्हणाले. डॉक्टर जरा गोंधळले, मग हसले.

बाहेर येईपर्यंत अकरा वाजून गेले होते. कोपऱ्यावरच्या खानावळीत ओथांनी बर्फाचा चहा मागितला. चहा बिनसाखरेचा आला, बाजूला साखरेच्या पुड्या. त्यांनी पुडी फोडून ओतली, ढवळ ढवळ ढवळली. साखर जाऊन तळाशी बसली.

"एवढे श्रीमंत लोक," ते म्हणाले, "पण चहा गरम असतानाच साखर घालावी, एवढं कुणी सांगितलं नाही यांना."

"डॅडी, आवरा ना. मला घरी जाऊन डॉटीला फोन करायचाय."

"इथून कर."

"इथून नाही जमणार."

"का?"

का ते तिलाही ठाऊक नव्हतं. घरी जाऊन बसून, शांतपणे, असं काहीतरी तिनं मनात धरलं होतं. आणि त्या दोन खोल्यांत ती आजवर एकदाही शांतपणे बसली नव्हती. घर विकलं तर पुढे-मागे इथं एक छोटी जागा घेता येईल, खालच्या मजल्यावर, डॅडींना जिने नकोत. नाही विकलं तर आयुष्यभर वाफ. हिशोब सरळ होता. सरळ हिशोबाचाच तिला वैताग आला होता.

गाडी मुख्य रस्त्याला लागली आणि पुढं कुणीतरी रांगत होतं. राखाडी रंगाची जुनी गाडी, बैलगाडीच्या चालीनं. लेडोरानं डावीकडून वाकून बघितलं, उजवीकडून बघितलं. घड्याळ बघितलं. आणि हॉर्नवर हात दाबला. चांगला लांब.

"लेडोरा."

"काय? चालवता येत नाही तर—"

तेवढ्यात रस्ता वळला आणि राखाडी गाडीच्या पुढची गाडी दिसली, तिच्या पुढची दिसली, आणि सगळ्यांच्या पुढं पडदे लावलेली लांब, काळी शवगाडी. मागं फक्त तीनच गाड्या. म्हणून तर कळलं नव्हतं.

ओथांनी सावकाश टोपी काढली. छातीशी धरली. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

रागावले असते तर बरं झालं असतं. लेडोराचे कान तापले. राखाडी गाडीतल्या बाईनं मागं वळून बघितलं होतं, दमलेल्या, काहीच न म्हणणाऱ्या चेहऱ्यानं. मेलेल्या माणसाला हॉर्न. आई असती तर भर रस्त्यात कानाखाली दिली असती, वय बघितलं नसतं.

घराचं वळण आलं. शवगाडी सरळ गेली. लेडोराही सरळ गेली.

"कुठं निघालीस?"

"माफी मागायला."

"कुणाची?"

"ते तिथं गेल्यावर बघू."

तिनं गाडीचे दिवे लावले.

दफनभूमी टेकडीवर होती, हिरवीगार, एकही गवताची काडी वाकडी नसलेली. तीन गाड्यांतून मोजकी माणसं उतरली. एक म्हातारा काठी टेकत, दोन बायका, एक पाद्री, एक उंच गृहस्थ. शवगाडीवाला पेटीजवळ अडून उभा होता. पेटीला सहा कड्या, आणि उचलू शकतील अशी माणसं तो धरून पाचच.

लेडोरा राखाडी गाडीतल्या बाईपाशी गेली. "बाई, मघाशी हॉर्न वाजवला ती मी. माझ्या आईनं मला असं वाढवलं नव्हतं."

बाई तिच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही हेच सांगायला इथवर आलात?"

"हो."

"माझा मामा होता. त्याला स्वतःला हॉर्न वाजवायची भारी खोड." तिचं तोंड हसण्यासारखं झालं आणि तसंच वेडंवाकडं राहिलं. "तुमचे हात चांगले आहेत का? आम्हाला माणसं कमी पडतायत."

हात चांगलेच होते. धापा टाकणारी जड माणसं उचलून बसवणं हाच तिचा रोजचा व्यवसाय. ओथाही बाह्या सरसावून पुढं झाले, तेव्हा लेडोरानं अशी नजर टाकली की ते टोपी धरून परत मागं सरकले. तिनं कडी धरली. पेटी उचलली, आणि त्याच क्षणी तिच्या कोटाच्या खिशात फोन थरथरायला लागला.

डॉटी. दुसरं कोण असणार? बारा वाजत आले असणार. फोन थरथरला, थांबला, पुन्हा थरथरला. तिचे दोन्ही हात एका अनोळखी म्हाताऱ्यात गुंतले होते. हिरवळीवरून चालताना तिच्या डोक्यात भलतंच काहीतरी चालू होतं. तिकडे आई गेली त्या दिवशी सगळं गाव झाकलेली भांडी घेऊन घरी आलं होतं. मक्याचा पाव, कोंबडी, रताळ्याचं गोड पक्वान्न. टेबल भरलं, ओटा भरला, शेवटी भांडी पडवीत झोपाळ्यावर ठेवली. रस्त्यावर खताचा ट्रकसुद्धा थांबला होता, ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. कुणाचा कोण.

पेटी खाली ठेवली. पाद्री बोलले, थोडकंच. उंच गृहस्थानं ओथांना विचारलं, "तुम्ही कसे ओळखायचात त्यांना?"

"रस्त्यात भेट झाली," ओथा म्हणाले.

दोघं परत गाडीत बसली. फोन आता निपचित पडला होता.

"डॅडी, खरं सांगा. 'तुला बरं वाटेल ते' नको."

ओथा टोपीची कड फिरवत बसले. "व्हर्लीन म्हणते ती सात-आठ वर्षं मला हवी आहेत," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? डॉक्टर चांगला आहे. वाफसुद्धा गुडघ्यांना बरी वाटते. मी राहतो इथं. पण पोरी, मी गेल्यावर लोक भांडी घेऊन येतील ती ठेवणार कुठं? डॉटीच्या ऑफिसात?"

लेडोरा हसली.

"आपल्याकडचे उत्तरेला गेलेले सगळे शेवटी घरी आले," ओथा म्हणाले. "माझा भाऊ शिकागोहून आला. पेटीतून आला, पण आपल्या अंगणात उतरला. जगायला हे राज्य, मरायला ते. मधल्या पेट्रोलचं तेवढं तू बघ."

"आणि तोवर दोन खोल्या? जिने?"

"जिने मी सावकाश चढीन. तू धावत चढतेस म्हणून तुला ते जास्त वाटतात."

तिनं फोन लावला. डॉटी पलीकडून ओरडलीच, "अगं, कुठं होतीस? ते लोक थांबलेत अजून, लगेच बोल!"

"एका मयताला गेले होते."

"अरे देवा. कोण गेलं?"

"नाव विचारायचं राहिलं गं." लेडोरानं डोळे मिटले. "डॉटी, त्यांना सांग, तळ्याचं घर नाही मिळणार. आणि एक काम कर. पडवीतल्या झोपाळ्याच्या साखळीला तेल लावून घे कुणाकडून तरी. गंजायला नको."

तिनं फोन ठेवला. एका वाक्यात तिनं खालच्या मजल्यावरची जागा घालवली होती, बहिणीचे पुढचे कित्येक फोन ओढवून घेतले होते, आणि जड काहीतरी खाली ठेवल्यासारखंही वाटत होतं. इस्पितळाला कायमच्या नोकरीसाठी होकार कळवायचा होता. भाडं भरायचं होतं. तिकडच्या घराचं छप्पर पाऊसकाळाआधी बघून यायला हवं होतं.

परतीच्या रस्त्यावर ती विचारात गाडी हळू चालवत राहिली. मागून कुणीतरी हॉर्न दिला, चांगला लांब.

ओथांनी खिडकीतून हात बाहेर काढून टोपी हलवली. "जा बाबा, जा पुढं! आम्हाला घाई नाही."

लेडोराला होती. पण तिनं गाडी कडेला घेतली आणि त्याला जाऊ दिलं.