बेचाळीसची सरासरी

"सत्तावन्न आणि बेचाळीस, मामा. आता बोलायला उरलं काय?"

गणेशकुमार हे तमिळमध्ये म्हणाला; वडीलधाऱ्यांना मामा म्हणायची तिथली रीतच. हनुमंतरावांनी बज्जीची ताटली त्याच्याकडे सरकवली आणि टीव्हीचा आवाज बंद केला. जुनी कसोटी लागली होती. न्यूझीलंडचा सलामीवीर हिरव्या खेळपट्टीवर चेंडू अंगावर झेलत उभा होता. सरासरी बेचाळीस. सत्तावन्नवाला आपला, मधल्या फळीतला.

"घरच्या सपाट खेळपट्टीवर, दमलेल्या गोलंदाजांपुढच्या धावा त्या," हनुमंतरावही तमिळमध्येच म्हणाले. "हा नव्या चेंडूपुढे जातो. कशात केल्या ते बघणार की नाही?"

"कारण प्रत्येकाकडे असतं, मामा. आकड्याला कारण लागत नाही."

हनुमंतरावांनी आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

आकडा: लेक कीर्तना. सीएची परीक्षा. तीनदा नापास.

संदर्भ: आईचं आजारपण. इस्पितळाच्या वॉर्डात उशाशी पुस्तक उघडून बसलेली मुलगी. आई गेली, पुस्तक मिटलं. तमिळ मुलखातल्या त्या गावच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांना हनुमंतरावांनी हे सांगितलं होतं आणि सांगताना दरवेळी डोळे पुसले होते.

चेन्नईत आकडेमोडीची नोकरी करणारा हा मुलगा आज तिलाच बघायला आला होता. आणि सारखा फोन बघत होता. काय शोधतोय? जुने निकाल तर नाहीत?

हनुमंतरावांची धाकटी बहीण भामा कॉफी घेऊन आली. मुलाच्या घरातून मराठी कधीच गेली, असं मध्यस्थाने सांगितलं होतं. तेव्हा हनुमंतराव त्याच्यासमोरच मराठीत सुरू झाले.

"भामे, परीक्षेचं विचारलं तर सांगूं नको. माणसं मोजणारा पोरगा आहे हा. हसतो बघ, डोळे हसेनात."

"हळू बोल की, अण्णा."

"कशाला हळू? पुतळ्यापुढे बोलल्यासारखं आहे."

"पुतळ्याने गोड केसरी तीनदा घेतली," भामा म्हणाली. "जेवतो बरा."

गणेशकुमार शांतपणे डवऱ्यात, त्या खोलगट वाटीत, कॉफी ओतून निववत होता.

कीर्तना बाहेर येऊन बसली. त्याने तिला तमिळमध्ये विचारलं, "तुम्ही सांगा, दोघांत मोठा फलंदाज कोण?"

"कीर्तना, बोलणं परीक्षेकडे जाऊं देऊं नको," हनुमंतराव मराठीत घाईने म्हणाले.

गणेशकुमारने डवरा खाली ठेवला.

"मामा," तो म्हणाला. मग थांबला. एकेक शब्द चाचपत, मराठीत: "मला कळते. आजी बोलत होती घरांत. बोलाया येत नाही. कळते सगळं."

भामा पदर सावरत आत निघून गेली.

"कोणची परीक्षा?" त्याने विचारलं.

हनुमंतराव उभे राहिले. "तिची आई वॉर्डांत होती. ही तिथे बसून अभ्यास करायची. नुसते आकडे बघूं नका हो. संदर्भ…"

"अप्पा," कीर्तना म्हणाली. "पहिल्या दोन वेळी अम्माला काही झालंच नव्हतं. वॉर्डांत पुस्तक उघडं ठेवायची ते तिला बरं वाटावं म्हणून. मला तो अभ्यास जमलाच नाही. अम्माच्या दुखण्यावर घालूं नका."

परीक्षेच्या आणि दुखण्याच्या तारखा हनुमंतरावांनाही ठाऊक होत्या. ते खाली बसले. भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे त्यांनी बघितलं नाही.

आकडा: तोच.

गणेशकुमारने फोन टीपॉयवर त्यांच्याकडे वळवून ठेवला. त्यावर न्यूझीलंडवाल्याचे परदेशातले डाव होते, एकाखाली एक.

"तेच बघत होतो," तो पुन्हा तमिळमध्ये म्हणाला. "क्रिकेटचं तुमचं बरोबर आहे, मामा."

हनुमंतराव त्याचे डोळे निरखत राहिले. त्यांत त्यांना काही सापडेना.

पडद्यावर चेंडू बॅटला पुसटसा लागून मागे यष्टिरक्षकाच्या हातात गेला. पंच अजून हलला नव्हता. सलामीवीर त्याच्याकडे न बघता, बॅट काखेत घालून चालू लागला.

कीर्तनाने रिकामा डवरा उचलला. "अजून कॉफी आणूं?" तिने मराठीत विचारलं, आणि त्याचं मराठी उत्तर जुळेपर्यंत उभी राहिली.