सायकलची घंटी

भोपाळच्या मराठी मंडळातलं आपलं व्याख्यान वैजयंती सासऱ्यांना वाचून दाखवत होती. पर्सियस, थिसियस, ओडिसियस, या तिन्ही ग्रीक नायकांची वाट तिनं एकाच तक्त्यात मांडली होती: घर सोडायचं, संकटाला भिडायचं, परत यायचं. थिसियस तेवढा परतताना, जिवंत असल्याची खूण म्हणून ठरलेलं पांढरं शीड जहाजाला लावायला विसरला. काळं शीड बघून, मुलगा गेला असं समजून त्याच्या बापानं कड्यावरून उडी टाकली.

"हा बाप तुझ्या तक्त्यात कुठे बसतो?" नरहरपंतांनी विचारलं.

"तो कुठे जातच नाही ना, बाबा."

तेवढ्यात कारखान्याचा भोंगा अवेळी वाजला, थांबून थांबून. अपघाताचा. टाउनशिपमधल्या बायका फाटकांशी आल्या. वैजयंतीचा नवरा जयंत रोज कारखान्यातून येताना पाण्याच्या टाकीपाशी वळला की सायकलची घंटी वाजवायचा आणि नरहरपंत सुनेला चहा टाकायला सांगायचे. आज घंटी वाजेना. ते व्हरांड्यात कान देऊन बसले. वैजयंती आत देवापाशी दिवा लावायला गेली.

अंधारताना फाटकाशी स्कूटर थांबली. जयंत धडधाकट पायऱ्या चढला. "अपघात दुसऱ्या शॉपमध्ये झाला, आमच्या विभागात नाही. तुम्ही काळजीत असाल म्हणून सायकल तिथेच टाकून अनंतच्या स्कूटरवर आलो."

नरहरपंत टाकीच्या वळणाकडेच बघत होते. वैजयंतीनं त्यांचा हात धरला. तो गार पडला होता, डोळ्यांची पापणी लवत नव्हती.