राजाभाऊंचा अंधार

अठ्ठ्याण्णव साली राजाभाऊ गेले आणि आखातात, अल क्वोजमधली आमची लॅब उन्हाळाभर एसीविना बंद राहिली. उघडली तेव्हा त्यांची काळी पेटी रिकामी असूनही उजेड दाखवत होती.

राजाभाऊ म्हणजे माझा नवरा. सगळे त्यांना राजाभाऊ म्हणायचे, भांडताना मीसुद्धा. पेटी त्यांनीच बांधलेली. आत काळी मखमल आणि नखाएवढा फोटोडायोड. त्याच्यावर कणभर उजेड पडला तरी मीटरवर आकडा येतो. मिट्ट अंधारातही थोडा आकडा असतोच. तो आधी वजा करायचा, तरच खरा उजेड कळतो. म्हणून अंधार स्थिर हवा. राजाभाऊंचा अंधार चार वर्षं जागचा हलला नव्हता. त्यांच्या खुर्चीत मी बसले आणि तो हलायला लागला.

"भाभी, बुधवार तक ठीक नहीं हुआ तो खलास," मॅनेजर नूरुद्दीन म्हणाला. "कॉन्ट्रॅक्ट गया तो आपका व्हिसा कैसे रखूँ?"

माझी आभा दहावीत होती. व्हिसा गेला असता तर तिची शाळा अर्ध्यावर सुटली असती.

एसी वाढवला, वायरी बदलल्या, फटी बुजवल्या. काही उपयोग नाही. झाकण उघडून लावलं की आकडा चढलेला असायचा, मग हळूहळू उतरायचा, पण जुन्या जागी काही येत नव्हता. मी खोलीत आले की राजाभाऊंचा चेहरा असाच खुलायचा आणि मग ते पुन्हा मीटरमध्ये डोकं घालायचे. मला भीती वाटली. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मी उगाचच झाकण उघडायला लागले. "अहो, मी आलेय," असंही एकदा म्हणाले.

घरी आभाला सांगितलं, तर ती जेवता जेवता थांबली. "आई, इट्स अ मशीन. प्लीज, डोन्ट." तिचे डोळे भरले होते. तेव्हा मला स्वतःचाच राग आला.

मंगळवारी दुपारी डोकं ताळ्यावर ठेवून विचार केला. उघडल्यावर चढतो, बंद केल्यावर उतरतो. म्हणजे आत काहीतरी उजेड पिऊन बसतंय. पेटी उघडी टाकली, लॅबचे दिवे घालवले आणि आत डोकावले. कोपऱ्यात हिरवट काहीतरी चमकत होतं. मी आत हात घातला.

रेडियमचा गणपती होता, बोटभर. दसऱ्याला मी लॅबच्या यंत्रांना हळदकुंकू लावायचे आणि राजाभाऊ पाठोपाठ फडकं घेऊन पुसत यायचे. पेटी नवी असताना मी रोल्लाच्या बाजारातून हा गणपती आणून त्यांच्या हातात दिला होता. "अंधाराच्या पेटीत चमकणारा देव? डोकं ठिकाणावर आहे ना?" म्हणाले. फेकला असेल असं समजून मी दोन दिवस बोलले नव्हते.

फेकला नव्हता. कोपऱ्यात चिकटवून त्याच्यावर काळ्या टेपचे थरावर थर दिले होते. उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळला आणि ती सुटून लोंबायला लागली होती.

मी तिथेच बसून रडले. मग नवी टेप आणली. गणपती काढून पर्समध्ये टाकणं सोपं होतं, नूरुद्दीनने तेच सांगितलं असतं. मी तो जागच्या जागी ठेवला, वर टेप लावली, राजाभाऊंपेक्षा एक थर जास्त, आणि झाकण लावलं.

आकडा जुन्या जागी येऊन थांबला. हाच आकडा दाखवून ते चार वर्षं मला सांगायचे, "बघ मृणालिनी, आत काही म्हणजे काही नाही."