शेवटच्या माणसाची शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. अंगावरचा मुलामा केव्हाच उडाला, कडी वाकडी झाली आणि तोंडाशी दातांचे बारीक खळगे पडले आहेत. रूपाबद्दल माझी तक्रार नाही, वयाप्रमाणे सगळ्यांचंच असं होतं. पण मित्रांनो, ऐन वेळी मला आवाज फुटला नाही असा जो बोभाटा झाला, त्यामागची खरी गोष्ट मात्र मला सांगायची आहे. एरवी मी कुणी फुंकल्याशिवाय बोलत नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्रा कापून, वाकवून, सांध्यांना डाख देऊन मला घडवलं आणि पोटात बुचाची एक गोळी सोडली. ती गोळी आत गरगरते, म्हणून माझा आवाज थरथरत लांबवर जातो. कारागीर म्हातारा होता आणि भलताच चिकित्सक. प्रत्येक शिट्टी उजेडाकडे धरून तो आधी आत डोकावायचा आणि मगच फुंकायचा. "पोट साफ असलं की झालं," तो म्हणायचा. "बाकी पितळेला काय धाड भरणार आहे!"

मला विकत घेतलं एका तरुण मुलीने. तिला शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून नुकतीच नोकरी लागली होती. मुलं तिला 'खेळाच्या बाई' म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. बाईंचा स्वतःचा आवाज अगदी बारीक. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायची मारामार. पण मैदानावर त्या मला ओठांत धरत, पोटातून फुंकत आणि चारी कोपऱ्यांतली मुलं जागच्या जागी थबकत. आवाज माझा आणि दम त्यांचा, असं आमचं दोघींचं जमलं होतं. शाळेत सगळे म्हणत, "काय शिट्टी आहे बाईंची!" आणि मी ऊन नसतानाही चमकत असे.

पुढे बाईंचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. थोरली ती ताई. धाकटी गुटगुटीत, म्हणून तिचं नाव ढमी पडलं. मुलींच्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. आठवडाभर भिंगातून इवलीशी चाकं बघून त्यांचे डोळे शिणायचे. सुट्टीच्या दिवशी त्यांना लांबचं काहीतरी बघायला हवं असे. मग काय, पहाटे उठून पाव, उकडलेली अंडी, फळं पिशवीत भरायची, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, ढमीचे मोजे शोधायचे (ते कधीही जोडीने सापडले नाहीत) आणि गाडी काढून डोंगराची वाट धरायची. कधी रानातून तळ्यापर्यंत, कधी टेकडीच्या माथ्यापर्यंत. ओढ्यात पाय सोडून बसायचं, गवतात पालथं पडायचं आणि संध्याकाळी भाजलेल्या नाकांनी घरी परतायचं. मित्रांनो, मैदानावर मी हुकूम सोडत असे, पण त्या दिवसांत मी या घरची झाले.

चालण्याचे नियम बाबांनी घालून दिले होते. सगळ्यात हळू चालणारी ढमी सगळ्यांच्या पुढे. सगळ्यात शेवटी बाई आणि त्यांच्या गळ्यात मी. एक लांब शिट्टी म्हणजे थांबा. तीन तुटक शिट्ट्या म्हणजे धावत मागे या.

"आणि वाजलीच नाही तर?" ढमीने एकदा विचारलं होतं.

"तर सगळं ठीक आहे म्हणायचं आणि चालत राहायचं," बाबा म्हणाले. "आणि ऐक, शिट्टी म्हणजे खेळणं नव्हे. तिच्यावर आपला जीव असतो."

हे वाक्य मी मनात जपून ठेवलं होतं. म्हणूनच पुढचं जास्त लागलं.

त्या दिवशी आम्ही गर्द रानातल्या एका टेकडीवर निघालो होतो. गाडीत ढमीने मला आईच्या पर्समधून लंपास केलं आणि मागच्या सीटवर फुंकायला सुरुवात केली. घाटाची वळणं, बाबांचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, आणि मी त्यांच्या कानाशी. दोन-तीनदा ते नीट बोलले. मग पेट्रोल पंपावर गाडी थांबली, बाई ताईला घेऊन हात धुवायला गेल्या आणि बाबांनी ढमीच्या हातून मला हिसकावलं. हात पुसायच्या कागदाचा तुकडा फाडला, त्याचा बोळा केला आणि काडीने माझ्या पोटात खोलवर दडपला. माझी गोळी जागच्या जागी चेंगरली.

"आता फुंक!" ते म्हणाले. ढमीने फुंकलं. फुस्स. तिने भोकाड पसरलं आणि रडता रडता झोपून गेली.

टेकडीच्या पायथ्याशी पोचलो तेव्हा बाबांचं डोकं हलकं झालं होतं. मजेत शीळ घालतच त्यांनी पिशव्या काढल्या, ढमीला उठवलं आणि स्वतःच्या हातांनी मला बाईंच्या गळ्यात घातलं. बोळ्याचं ते साफ विसरले होते. मी ओरडून सांगितलं असतं, पण ओरडायचीच तर पंचाईत होती.

विसरणं म्हणजे दगा नव्हे, मित्रांनो. माणूस विसरतो. दगा पुढे आहे.

वाट ओढ्याच्या कडेने वर जात होती. एका वळणावर बाई बुटाची नाडी बांधायला वाकल्या. बाकीचे पुढे गेले. बाई उठल्या, ओल्या पाचोळ्यावरून पाय सटकला आणि आम्ही दोघी घरंगळत खालच्या घळीत गेलो. त्यांचा घोटा मोडला. तो आवाज मी ऐकला.

बाई घाबरल्या नाहीत, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी दोन श्वास घेतले, मला ओठांत धरलं आणि तीन वेळा फुंकलं. फुस्स, फुस्स, फुस्स. मला हातावर आपटलं, पुन्हा फुंकलं. आत डोकावून पाहिलं, पण घळीत गर्द सावली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी. काय दिसणार? त्यांनी हाका मारल्या, पण ओढा खळाळत होता आणि आवाज पडला बारीक. त्या फुंकत राहिल्या. त्यांचा सगळा दम माझ्या तोंडाशी येऊन विझत होता. त्या दिवशी मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी कधीच वाटली नाही, आणि चूक तर माझी नव्हतीच.

वर माथ्यावर डबे उघडले होते. ताई दोनदा म्हणाली, "बाबा, आई अजून कशी नाही आली?"

"शिट्टी वाजली का? नाही ना? मग येते आहे. फुलं बघत बसली असेल."

शेवटी ताईच्याने राहवलं नाही. ती एकटीच उलटी पळत आली आणि वळणावर उभी राहून तिने हाक मारली. तोवर झाडांच्या सावल्या लांबल्या होत्या आणि बाईंचे ओठ निळे पडले होते. (वर काय बोलणं झालं, ते ताईनेच नंतर आईला सांगितलं.)

दवाखान्यात पायाला प्लास्टर घालताना बाई म्हणाल्या, "अरे, मी फुंकली. किती फुंकली. वाजलीच नाही."

"घाबरली असशील तू," बाबा म्हणाले. "घाबरलं की श्वास पुरत नाही."

तोपर्यंत त्यांना खरोखरच आठवलं नव्हतं. आठवलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी, पिशवी रिकामी करताना. धांदलीत कुणीतरी बाईंच्या गळ्यातून काढून तिच्यात टाकलेली मी हाताला लागले. त्यांनी मला फुंकलं. फुस्स. मग खिडकीशी नेऊन आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी घड्याळाचा बारीक चिमटा आणला आणि लगदा झालेला तो कागद कणाकणाने बाहेर काढला. मला वाटलं, आता हे बाईंच्या खोलीत जातील, पलंगाशी बसतील आणि सांगतील. बाई रागावतील, एक दिवस बोलणार नाहीत, आणि मग होईल सगळं सरळ. मी वाट बघत होते.

बाबांनी कागद मोरीत वाहवून टाकला. मला फडक्यात गुंडाळलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या हत्यारांच्या पेटीत, स्क्रूंच्या डब्याखाली सरकवलं.

आतून बाईंनी विचारलं, "शिट्टी सापडली का रे? बघू दे तरी मला."

"नाही गं. घळीतच पडली असणार."

हा तो दगा.

पेटीत अंधार होता, पण ऐकू सगळं यायचं. पाहुणे चौकशीला येत. बाबा आता गोष्ट रंगवून सांगायला लागले होते. "आयुष्यभर पोरांना शिट्टी वाजवून पळवलं, आणि ऐन वेळी बाईंनाच फुंकता येईना!" सगळे हसत. बाईही हसत. त्यांचं ते हसणं ऐकून माझ्या अंगाचं पाणी पाणी होई. खोटं एकदा बोललं की ते पोसावं लागतं, आणि बाबा रोज त्याला घास भरवत होते.

पाय बरा झाला, पण बाई सहलींना जाईनाशा झाल्या. "तुम्ही जा. मी मागे पडते, उगीच तुम्हाला ताप," असं म्हणून त्या घरीच राहात. बाबा मुलींना घेऊन एकदा जाऊन आले, पण ढमीचे मोजे शोधायला कुणी नव्हतं आणि मागे कुणी आहे याचा भरवसा नव्हता. मग सहली बंदच पडल्या. एके दिवशी जेवताना बाई म्हणाल्या, "शाळेत मी मैदान सोडायचं म्हणतेय. ग्रंथालयाचं काम देतात का बघते. माझ्यात आता तो दम राहिला नाही." बाबांचा घास हातातच राहिला असावा, कारण बराच वेळ त्यांच्या ताटाचा आवाज आला नाही. पण तोंडून शब्द काही निघाला नाही. मित्रांनो, माझ्या तोंडात बोळा होता. त्यांच्या तोंडात काय होतं?

आणि एका सकाळी पेटीचं झाकण उघडलं. ढमीला तिच्या टॉर्चसाठी पेचकस हवा होता. तिच्या हाती मी लागले आणि तिने गाल फुगवून फुंकलं.

मी वाजले. इतक्या दिवसांचं सगळं साचलेलं घेऊन वाजले! भिंतीवरची भांडी झणझणली. बाबा अर्धी दाढी केलेल्या गालांनी धावत आले. बाई पीठ लागल्या हातांनी दारात उभ्या राहिल्या.

"ही घळीत पडली होती ना?" त्यांनी विचारलं.

बाबांनी गालावरचा फेस पुसला.

ढमी आईकडे बघून हळूच म्हणाली, "तेव्हा बाबांनी आत कागद भरला होता. मी गाडीत वाजवत होते ना, म्हणून. माझ्यामुळेच तू पडलीस ना, आई?"

एवढे दिवस तिने ते ओझं एकटीने बाळगलं होतं. बाईंनी तिला पोटाशी धरलं आणि पिठाच्या हाताने पाठीवरून थोपटत राहिल्या. मग मला घेऊन त्यांनी स्वतः फुंकलं. पहिल्या दिवशी मैदानावर वाजले होते तशी खणखणीत मी वाजले. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"विसरलो होतो गं," बाबा म्हणाले. "खरंच विसरलो होतो. आणि मग सांगायची हिंमत झाली नाही."

"विसरलास याचं मला काही नाही," बाई म्हणाल्या. "पाय मोडला, तो जुळला. पण मला वाटत राहिलं की माझाच दम गेला. तू ते मला वाटू दिलंस. वर चारचौघांत माझं हसं केलंस."

बाबांनी उघडी पेटी बंद केली.

बाई पुन्हा मैदानावर गेल्या. सहलीही सुरू झाल्या. आता बाबा सगळ्यात मागे चालतात आणि मी बाईंच्याच गळ्यात असते, त्या कुठेही चालल्या तरी. हा नियम बाईंचा. ओढ्यात पाय सोडणं होतं, नाकंही भाजतात, हसणंही ऐकू येतं.

तर मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. डोकं दुखलं तर मला काढून ठेवा, रागवा, दूर भिरकावा. पण जिचं तोंड तुम्हीच बंद केलं, तिलाच मुकी म्हणू नका. आणि झालेली चूक त्याच संध्याकाळी सांगून टाका, कारण शिळी झाली की ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

अजूनही डोंगराच्या पायथ्याशी बाबाच मला पिशवीतून काढून बाईंच्या हातात देतात. बाई मला घेतात, गळ्यात घालण्याआधी उजेडाकडे धरतात आणि एक डोळा मिटून आत बघतात. बाबा तोवर खाली मान घालून उभे असतात. पूर्वी बाईंना असं कधी बघावं लागत नव्हतं.